ओपिऑइड वेदनाशामके

ओपिऑइड वेदनाशामके हा अफूपासून मिळवलेल्या, अथवा अफूतील घटकांप्रमाणे शरीरावर क्रिया करणाऱ्या, तीव्र वेदनेवरील औषधांचा गट आहे. मॉर्फीन, कोडीन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फीन, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल ही या गटातील प्रमुख औषधे होत. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर अपघात आणि कर्करोग यांतील वेदनेवर ती अत्यंत परिणामकारक ठरतात. मात्र ती श्वसन मंदावतात, दीर्घकाळ घेतल्यास शरीराला त्यांची सवय होते आणि काही व्यक्तींना त्यांचे व्यसन जडते. त्यामुळे बहुतेक देशांत ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि कायद्याच्या नियंत्रणाखाली मिळतात.

या औषधांमुळे होणारी हानी दोन परस्परविरोधी प्रकारांनी घडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० च्या दशकापासून ती गरजेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात लिहून दिली गेली आणि त्यातून व्यसन व मृत्यूंची मोठी लाट आली. याउलट भारतासह अनेक देशांत कडक नियमांमुळे आणि व्यसनाच्या धास्तीमुळे कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना साधे मॉर्फीनही मिळत नाही.

नाव आणि वर्गीकरण

मराठीतील 'अफू' हा शब्द अरबी 'अफ्यून'मार्गे, तर इंग्रजीतील 'ओपियम' हा शब्द लॅटिनमार्गे आला असून दोहोंचे मूळ ग्रीक 'ओपियॉन' या शब्दात आहे. त्याचा अर्थ वनस्पतीचा रस किंवा चीक असा होतो. अफूच्या झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्यावर जो चीक पाझरतो, तो वाळवून अफू तयार होते. तिच्यात मॉर्फीन, कोडीन, थिबेन, पॅपॅव्हरीन आणि नॉस्कॅपीन ही मुख्य अल्कलॉइडे असतात. त्यांपैकी मॉर्फीन व कोडीन ही थेट वेदनाशामक म्हणून वापरली जातात.

उत्पत्तीनुसार या औषधांचे तीन प्रकार केले जातात. अफूतून थेट मिळणारी नैसर्गिक औषधे (मॉर्फीन, कोडीन), नैसर्गिक अल्कलॉइडात रासायनिक बदल करून बनवलेली अर्धसंश्लेषित औषधे (ऑक्सिकोडोन, ब्युप्रेनॉर्फीन, हेरॉइन) आणि संपूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होणारी संश्लेषित औषधे (पेथिडीन, मेथाडोन, फेंटानिल, ट्रामाडॉल) असे हे प्रकार आहेत. काटेकोर अर्थाने 'ओपिएट' हा शब्द फक्त अफूतील नैसर्गिक द्रव्यांसाठी, तर 'ओपिऑइड' हा संपूर्ण गटासाठी वापरला जातो.

इतिहास

वेदनेवर, खोकल्यावर आणि अतिसारावर अफूचा वापर प्राचीन काळापासून होत आला आहे. जर्मन औषधनिर्माता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने १९ व्या शतकाच्या आरंभी अफूतून तिचा क्रियाशील घटक वेगळा केला आणि स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस याच्या नावावरून त्याला नाव दिले. १८२७ पासून जर्मनीतील मर्क या कंपनीने मॉर्फीनचे व्यापारी उत्पादन सुरू केले. १८३२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्येर रोबिके याने कोडीन वेगळे केले. १९ व्या शतकाच्या मध्यास त्वचेखाली टोचण्याची सुई प्रचारात आली आणि मॉर्फीनचा वापर, व त्याबरोबर त्याचे व्यसनही, वेगाने पसरले.

व्यसन न लावणारे तितकेच प्रभावी औषध शोधण्याचे प्रयत्न त्यानंतर सातत्याने झाले. १८७४ मध्ये लंडन येथे प्रथम तयार झालेले हेरॉइन बायर या जर्मन कंपनीने १८९८ मध्ये खोकल्यावरील सुरक्षित औषध म्हणून बाजारात आणले. पुढे ते मॉर्फीनहूनही अधिक व्यसनकारक असल्याचे दिसून आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झालेल्या पेथिडीनविषयीही सुरुवातीला अशीच समजूत होती आणि तीही फोल ठरली. फेंटानिल हे १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ट्रामाडॉल १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. त्याकडेही दीर्घकाळ सौम्य व निर्धोक औषध म्हणून पाहिले गेले.

कार्यपद्धती

मेंदू, मज्जारज्जू आणि आतडे यांतील चेतापेशींवर ओपिऑइड ग्राही असतात. १९७३ मध्ये त्यांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध झाले, तर १९७५ मध्ये शरीर स्वतःच तयार करत असलेले एन्केफेलिन हे ओपिऑइडसदृश पदार्थ सापडले. म्यू, डेल्टा आणि कॅपा हे या ग्राहींचे प्रमुख प्रकार असून वेदनाशमन, सुखद भावना आणि श्वसन मंदावणे हे तिन्ही परिणाम मुख्यतः म्यू ग्राहींमार्फत घडतात. वेदनाशमन आणि धोका यांची फारकत करणे आजवर कठीण गेले, याचे हे एक मुख्य कारण आहे.

औषध ग्राहीला चिकटले की चेतापेशीकडून वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या रसायनांचे उत्सर्जन घटते. परिणामी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारे संदेश क्षीण होतात. त्याचबरोबर वेदनेशी निगडित भीती व अस्वस्थताही कमी होते. दुखत आहे हे कळते, पण त्याचा जाच होत नाही, असा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. मस्तिष्क स्तंभातील श्वसनकेंद्र रक्तात वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद देऊन श्वास चालू ठेवते. ओपिऑइडांमुळे हा प्रतिसाद मंदावतो. अतिमात्रेतील मृत्यू बहुधा यामुळेच होतात.

वैद्यकीय उपयोग

शस्त्रक्रियेच्या वेळी व त्यानंतर, भाजल्यावर, हाड मोडल्यावर, हृदयविकाराच्या झटक्यात आणि दात्रपेशी रक्तक्षयाच्या वेदनांच्या झटक्यात ही औषधे दिली जातात. फेंटानिल हे भूल देताना नित्य वापरले जाते. ते मॉर्फीनपेक्षा सुमारे ५० ते १०० पट प्रभावी असल्याने त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. असाध्य आजारातील धाप लागण्याचा त्रासही अल्प मात्रेतील मॉर्फीनने कमी होतो. कोडीन खोकल्यावर वापरले जाते, तर मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन ही वेदनेखेरीज ओपिऑइडांच्याच व्यसनावरील उपचारासाठीही दिली जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सुचवली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेला कोडीनसारखे सौम्य ओपिऑइड आणि तीव्र वेदनेला मॉर्फीन असा तिचा क्रम आहे. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या वेळेनुसार द्यावे, वेदना असह्य होण्याची वाट पाहू नये, हे तिचे महत्त्वाचे तत्त्व होते. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन स्वस्त असून ते संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहे.

कर्करोगाव्यतिरिक्तच्या जुनाट दुखण्यांत, म्हणजे पाठदुखी किंवा गुडघ्याच्या संधिवातात, या औषधांचा लाभ मर्यादित आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २४० रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ महिन्यांनंतर ओपिऑइड घेणाऱ्यांच्या दैनंदिन हालचालींत इतर वेदनाशामके घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा आढळली नाही. उलट दुष्परिणाम मात्र अधिक आढळले.

दुष्परिणाम

मळमळ, उलटी, गुंगी, खाज, तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठता हे सामान्य दुष्परिणाम आहेत. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते, म्हणून मॉर्फीनसोबत सुरुवातीपासूनच सारक औषध दिले जाते. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. दीर्घकालीन वापराने लैंगिक संप्रेरकांची पातळी घटते. काही रुग्णांत वेदनेची संवेदनशीलता कमी होण्याऐवजी वाढते.

काही दुष्परिणाम विशिष्ट औषधांशी निगडित आहेत. ट्रामाडॉलमुळे आकडी येऊ शकते, तसेच काही नैराश्यविरोधी औषधांबरोबर ते घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकते. मेथाडोनमुळे हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णांत मॉर्फीनचे क्रियाशील अवशेष शरीरात साठतात. कोडीनचे यकृतात मॉर्फीनमध्ये रूपांतर होते आणि या रूपांतराचा वेग व्यक्तीच्या जनुकांवर अवलंबून असतो. ज्यांच्यात तो अतिशय जलद असतो, अशा मुलांचे नेहमीच्या मात्रेनेही मृत्यू झाले आहेत. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन व ट्रामाडॉल देऊ नये, असे बजावले. गर्भवतीने ओपिऑइड नियमित घेतल्यास नवजात बालकात औषध तुटल्याची लक्षणे दिसू शकतात.

सहनशीलता, शारीरिक अवलंबित्व आणि व्यसन

या तीन अवस्था भिन्न असूनही त्यांची वारंवार गल्लत होते. तितक्याच परिणामासाठी कालांतराने अधिक मात्रा लागणे म्हणजे सहनशीलता. औषध अचानक थांबवल्यास शरीराने त्रासदायक प्रतिक्रिया देणे म्हणजे शारीरिक अवलंबित्व. या प्रतिक्रियेत डोळ्या-नाकातून पाणी वाहणे, वारंवार जांभया, अंगावर काटा येणे, पोटात मुरडा, जुलाब, अंगदुखी, निद्रानाश आणि कमालीची अस्वस्थता ही लक्षणे दिसतात. काही आठवडे नियमित औषध घेणाऱ्या जवळपास कोणाही व्यक्तीत या दोन्ही अवस्था निर्माण होऊ शकतात. तो औषधाला दिलेला शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद असतो.

व्यसनात औषधाची अनावर ओढ, वापरावरील ताबा सुटणे आणि नुकसान दिसत असूनही वापर चालू राहणे ही लक्षणे असतात. वेदनेसाठी मॉर्फीन घेणाऱ्या सर्वांनाच व्यसन लागत नाही. तसेच डॉक्टरांनी लिहून दिले म्हणून ते लागतच नाही, असेही नाही. पूर्वी दारूचे किंवा अन्य पदार्थांचे व्यसन असणे, मानसिक आजार, तरुण वय, मोठी मात्रा आणि दीर्घकाळ वापर यांमुळे धोका वाढतो. या तीन अवस्थांतील भेद न ओळखल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. अवलंबित्वाला व्यसन समजून गरजू रुग्णाचे औषध तोडले जाते, किंवा जडलेले व्यसन केवळ 'अपुरे वेदनाशमन' मानून मात्रा वाढवत नेली जाते.

गैरवापर

लिहून दिल्यापेक्षा अधिक मात्रेत, वेगळ्या मार्गाने, दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले किंवा निव्वळ नशेसाठी औषध घेणे हा गैरवापर मानला जातो. त्याची सुरुवात नेहमी नशेच्या इच्छेतूनच होते असे नाही. अंगमेहनतीची कामे करणारे थकवा व अंगदुखी दडपण्यासाठी या गोळ्या घेतात, तर काही जण निद्रानाश किंवा मानसिक ताणावर त्यांचा आधार शोधतात. घरात उरलेल्या गोळ्या हा गैरवापराचा एक मोठा स्रोत असतो. झोपेची औषधे किंवा दारू यांच्यासोबत ओपिऑइड घेतल्यास दोहोंचा श्वसनावरील परिणाम एकत्र येऊन धोका अनेक पटींनी वाढतो.

अतिमात्रा

बेशुद्धी, टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचलेल्या बाहुल्या आणि मंद किंवा थांबलेला श्वास ही अतिमात्रेची तीन मुख्य लक्षणे आहेत. ओठ व नखे निळसर पडतात, घशातून घरघर ऐकू येते. श्वास थांबल्यास मेंदूला काही मिनिटांतच कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे रुग्णवाहिका बोलावणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि कृत्रिम श्वास देणे हे तातडीचे उपाय आहेत.

नॅलोक्सोन हे यावरील प्रतिऔषध आहे. ते ग्राहींवरून ओपिऑइडाला हटवून काही मिनिटांत श्वसन पूर्ववत करते. मात्र त्याचा प्रभाव साधारणतः ३० ते ९० मिनिटेच टिकतो. दीर्घकाळ क्रिया करणारे औषध घेतले असल्यास श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णालयात देखरेख आवश्यक असते. काही काळ औषधापासून दूर राहिलेल्या व्यक्तीची सहनशीलता घटलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा तिला प्राणघातक ठरू शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे यासाठी विशेष धोक्याचे मानले जातात.

व्यसनावरील उपचार

ओपिऑइडांचे व्यसन हा पुन्हा पुन्हा उद्भवू शकणारा, परंतु उपचारसाध्य आजार आहे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फीन नियमित देऊन ओढ व शारीरिक त्रास आटोक्यात ठेवणे हा सर्वाधिक पुराव्यानिशी सिद्ध झालेला उपचार असून त्यामुळे मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटते. केवळ काही दिवस औषध तोडून शरीर 'स्वच्छ' करण्याने बहुसंख्य रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फीन दिले जाते. एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन लावणारा उपचार अशी त्यावर टीका होते. परंतु ठरलेल्या मात्रेवर स्थिरावलेला रुग्ण नोकरी, संसार आणि सामाजिक व्यवहार सांभाळू शकतो, हा त्यातील महत्त्वाचा फरक आहे.

अमेरिकेतील संकट

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांविषयी अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळल्याचे त्यात म्हटले होते. घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांविषयी त्यात काहीही नव्हते. तरीही पुढे ६०० हून अधिक लेखांनी त्याचा दाखला दिला आणि त्यांतील बहुसंख्यांनी त्याचा आधार व्यसनाचा धोका नगण्य असल्याचे सांगण्यासाठी घेतला.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने हळूहळू विरघळणारे ऑक्सिकोडोन 'ऑक्सिकॉन्टिन' या नावाने बाजारात आणले आणि जुनाट दुखण्यांसाठी त्याचा आक्रमक प्रचार केला. औषधाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा या कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. २०१२ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडांच्या २५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. त्यानंतर त्यांवर निर्बंध आले. पण तोवर व्यसन जडलेल्यांपैकी अनेक जण स्वस्त हेरॉइनकडे वळले होते आणि २०१३ पासून बेकायदा बनवलेले फेंटानिल बाजारात पसरले. १९९९ ते २०२१ या काळात तेथे ओपिऑइडांच्या अतिमात्रेने सुमारे ६ लाख ४५ हजार लोक मरण पावले.

चिठ्ठ्या कमी करण्याच्या घाईत वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या रुग्णांची मात्रा अचानक तोडली गेल्याची उदाहरणेही घडली. त्यामुळे अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारून मात्रेच्या ठोकळेबाज मर्यादा टाळण्याचा सल्ला दिला.

भारतातील स्थिती

भारत हा कायदेशीर अफू पिकवणारा प्रमुख देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत केंद्रीय अमली पदार्थ ब्यूरोच्या परवान्याने ही लागवड होते. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया केली जाते. असे असूनही देशातील रुग्णांना मॉर्फीन दुर्मीळ राहिले. 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' लागू झाल्यावर रुग्णालयांना अनेक विभागांचे वेगवेगळे परवाने एकाच वेळी वैध ठेवावे लागू लागले. किरकोळ चुकीलाही कठोर शिक्षेची भीती असल्याने औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. त्यामुळे डॉक्टरांची एक पिढी हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली.

उपशामक शुश्रूषेच्या क्षेत्रातील संस्थांनी याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला. मुंबईतील वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले व पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोड येथे वेदना व उपशामक शुश्रूषा केंद्र उभारले. त्यातून घरोघरी सेवा देणारे स्वयंसेवकांचे जाळे निर्माण झाले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यानुसार मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी देशभर समान नियम लागू झाले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी ठरली. तरीही २०१७ मध्ये लॅन्सेट आयोगाने दिलेल्या अंदाजानुसार भारतात उपशामक शुश्रूषेच्या गरजेपैकी केवळ ४ टक्के ओपिऑइड उपलब्ध होते.

दुसरीकडे गैरवापरही वाढला आहे. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील सुमारे २ टक्के लोक ओपिऑइड वापरत असल्याचे आढळले. त्यात हेरॉइनचे प्रमाण सर्वाधिक असून त्याखालोखाल औषधी ओपिऑइडांचा, म्हणजे गोळ्या, इंजेक्शने व खोकल्याची औषधे यांचा, क्रमांक होता. २०१४ पासून ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फीन, पेंटाझोसीन यांसारखी औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टर व रुग्ण यांची नावे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१८ मध्ये ट्रामाडॉल १९८५ च्या अधिनियमाच्या कक्षेतही आणले गेले. टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांची भारतात मान्यता नसलेली संयुक्त गोळी येथून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिच्या उत्पादनाचे व निर्यातीचे परवाने मागे घेण्याचे आदेश दिले.

सुरक्षित वापर

तात्पुरत्या वेदनेसाठी कमीत कमी प्रभावी मात्रा आणि कमीत कमी दिवस, हे या औषधांच्या वापराचे सर्वमान्य सूत्र आहे. हळूहळू विरघळणारी गोळी चघळू, फोडू किंवा कुटू नये, कारण त्यामुळे संपूर्ण मात्रा एकदम रक्तात उतरते. फेंटानिलच्या पट्टीला उष्णता लागल्यास औषध अधिक वेगाने शोषले जाते. म्हणून पट्टीच्या जागी शेक घेऊ नये, तसेच ताप आल्यास डॉक्टरांना कळवावे. वापरलेल्या पट्टीतही बालकाचा जीव घेण्याइतके औषध उरलेले असू शकते. औषध कुलूपबंद ठेवणे, दुसऱ्याला न देणे, दारू वा झोपेच्या गोळ्यांसोबत न घेणे आणि नियमित घेत असल्यास स्वतःहून एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवणे आवश्यक असते.

असाध्य आजाराच्या रुग्णांच्या बाबतीत मात्र 'कमीत कमी दिवस' हा निकष लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेदना आटोक्यात येईल इतकी मात्रा, लागेल तितका काळ दिली जाते. मॉर्फीन सुरू झाले म्हणजे मृत्यू जवळ आला किंवा औषधानेच तो लवकर येईल, ही समजूत निराधार आहे. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फीनने आयुष्य घटल्याचा पुरावा नाही. अनेक रुग्ण मॉर्फीन घेत महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे, वेदनारहित जीवन जगतात.